पहिलीतला मुलगा एका जागी बसत नाही, शाळेनं एडीएचडीचा फॉर्म दिलाय. आधी खाणं बघू की गोळी सुरू करू?

वडगावची_आई

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, पण अर्धवट सांगितलं तर कळणार नाही म्हणून सगळंच लिहिते.

मुलगा पहिलीत, बेळगावात, इंग्लिश मीडियम. मेच्या शेवटच्या आठवड्यातला जन्म, त्यामुळं १ जूनला सहा पूर्ण या नियमात जेमतेम बसला. वर्ष वाचलं म्हणून आम्ही खूशच होतो. दिवाळीनंतर तक्रारी सुरू झाल्या. बाकावर बसत नाही, फळ्यावरचं उतरवून घेत नाही, रांगेत पुढच्याला ढकलतो, टीचर काही सांगत असल्या की याचं लक्ष खिडकीबाहेर. मग शाळेतल्या काउन्सेलर मॅडमनी बोलावून छापील फॉर्म दिला, 'कधीच नाही, कधी कधी, नेहमी' अशा खुणा करायचा. म्हणाल्या, एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा) वाटतंय, दाखवून घ्या. एका खाजगी ठिकाणी दाखवलं. तिथं तोच फॉर्म वरवर चाळला, मुलाला नाव आणि इयत्ता विचारली आणि गोळी सुरू करूया म्हणाले. गोळी अजून आणलेली नाही. चिठ्ठी फ्रिजवर लावलीय, येता-जाता दिसते.

घरात दोन पार्ट्या. हे म्हणतात, डॉक्टरनी सांगितलंय तर देऊया. सासूबाई म्हणतात, "पोराला काय बी झालं नाही, त्या गोबी मंचुरीनं आणि चॉकलेटनं डोकं फिरलंय त्याचं."

खाण्याचं खरं ते सांगते. साडेसहाला उठवते, पावणेआठला व्हॅन. चहा आणि बेकरीतली दोन बटर, तेही निम्मं बशीतच राहतं. डब्यात चपाती-जॅम नाहीतर नूडल्स, कारण भाजी दिली की डबा तसाच परत येतो. आल्यावर चिरमुरे, बिस्किटं. आठवड्यातनं दोन-तीनदा कोपऱ्यावरची गोबी. दूध नुसतं पीत नाही म्हणून जाहिरातीतली पावडर घालून देते. रात्री यांना दुकान बंद करून यायला दहा होतात, मग सगळे मिळून जेवतो, तो मोबाईल बघत बघत. झोपायला अकरा.

घरी मात्र तो इतका त्रास देत नाही. सासऱ्यांचा माग आहे, त्यांच्यापाशी बसून तासभर कांड्या भरून देतो, धागा न तोडता. मग वर्गातच काय होतं?

आधी खाणं बदलून बघावं का? का मी उगाच वेळ घालवतेय?

खडेबाजार_कट्टा

काही नाही हो ताई. आमच्या वेळी असलं नाव पण नव्हतं. मास्तर छडी काढायचे, पोरं गप बसायची. सगळा औषध कंपन्यांचा धंदा आहे. फाडा ती चिठ्ठी.

खानापूरच्या_बाई

चिठ्ठी फाडू नकोस ग. फ्रिजवरून काढ आणि फायलीत ठेव, पुढं कुणाला दाखवताना लागेल. आणि कट्टेकरी, छडीच्या वर्गात पोरं बसायची हे खरंच. त्यातली किती चौथीनंतर शाळेतच आली नाहीत तेही मला माहीत आहे, हजेरीपट मीच लिहीत होते.

मी खानापूर तालुक्यातल्या सरकारी मराठी शाळेतून निवृत्त झाले. पहिली-दुसरीचेच वर्ग जास्त घेतले. डॉक्टर नाही, त्यामुळं गोळी दे किंवा देऊ नको हे मी सांगणार नाही. पण तुझ्या लिहिण्यात मला काही गोष्टी दिसल्या, ज्या त्या फॉर्मात कुणी विचारल्या नसणार.

पहिली म्हणजे त्याची जन्मतारीख. शेजारच्या बाकावरचा मुलगा आदल्या जूनमधला असेल तर तो याच्यापेक्षा जवळपास वर्षानं मोठा. सहा वर्षांच्या पोराला वर्ष म्हणजे आयुष्याचा सहावा हिस्सा! माझी भाची बालरोगतज्ज्ञ आहे. तिनं मला कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताचा एक अभ्यास समजावून सांगितला होता, २०१२ सालचा, नऊ लाखांहून जास्त मुलांचा. तिथं वर्गाची वयोमर्यादा ३१ डिसेंबर. म्हणजे डिसेंबरात जन्मलेलं पोर वर्गात सगळ्यात लहान. अशा मुलग्यांना जानेवारीतल्या मुलग्यांपेक्षा एडीएचडीचं निदान ३० टक्के जास्त झालं होतं आणि मुलींना तर ७० टक्के. अमेरिकेत जिथं १ सप्टेंबरची मर्यादा आहे, तिथं ऑगस्टमधली मुलं अशीच पुढं निघाली. तो अभ्यास २०१८ मध्ये छापून आला. आजार काही जन्ममहिना बघून येत नाही. मग त्यातल्या बऱ्याच पोरांना लहान असण्याचीच चिठ्ठी मिळाली म्हणायची. त्या फॉर्मातल्या खुणा टीचरनी कुणाशी तुलना करून केल्या, हे विचार. वर्गातल्या मोठ्या मुलांशी केल्या असतील तर तुझा मुलगा कायमच कमी पडणार.

दुसरी, भाषा. घरी मराठी, वर्गात इंग्रजी आणि त्यात सक्तीचं कन्नड. टीचर सांगत असतात तेव्हा तो बाहेर बघतो असं लिहिलंस. टीचर कुठल्या भाषेत सांगत असतात? माझ्या वर्गात एकदा कन्नड बोलणाऱ्या घरातली भावंडं आली होती. पाऊस संपेपर्यंत दोघं भिंतीकडं बघत, एकमेकाला चिमटे काढत बसायची. दसऱ्यानंतर जरा मराठी कळायला लागली तशी पाटी भरून आणायला लागली. आपल्याकडच्या शाळेतल्या आयाबाईंना मराठी येतंच. तेच काम त्यांनी मराठीत सांगितलं तर तो करतो का, एवढं बघायला टीचरना सांग. फुकटातली तपासणी आहे आणि मागापाशी तासभर बसणारा मुलगा वर्गात का बसत नाही याचं थोडं तरी उत्तर त्यातनं निघेल.

तिसरी, झोप. अकरा ते साडेसहा, म्हणजे साडेसात तास. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास लागतात. मोठं माणूस झोप कमी झाली की पेंगतं, लहान पोर उलट उधळतं. वडिलांबरोबर जेवायची हौस मला समजते, पण पोराचं ताट आठला वाढ. वडील रविवारी आहेतच. आणि रात्री घोरतो का, तोंड उघडं टाकून झोपतो का, ते बघ. नाकामागची गाठ वाढलेली असली की रात्रीची झोप मोडते, कानातही पाणी साठतं आणि मग हाक मारलेली ऐकू येत नाही. वर्गात त्यालाच 'लक्ष नाही' म्हणतात.

आता खाणं. सासूबाईंना दुखवू नकोस, पण साखरेनं पोरं बिथरतात हे तपासून बघितलेलं आहे आणि तसं दिसलेलं नाही. १९९४ मध्ये अमेरिकेत एक गंमतीचा प्रयोग झाला. सगळ्या मुलांना बिनसाखरेचं गोड पेय दिलं आणि निम्म्या आयांना सांगितलं की यात साखर आहे. त्याच आयांना आपली पोरं जास्त दंगा करतायत असं वाटलं! तेव्हा चॉकलेटला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करू नका. तुझ्या मुलाचा प्रश्न मला सरळ दिसतो: मधल्या सुट्टीपर्यंत त्याच्या पोटात काही नसतं. चहा आणि निम्मं बटर म्हणजे थोडा मैदा आणि थोडी साखर, नऊ वाजेपर्यंत संपलं.

अक्षरदासोह म्हणजे कर्नाटकातल्या शाळेतलं दुपारचं जेवण, त्याचं माप माझ्या हातातलं आहे. पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी, ५ ग्रॅम तेल, म्हणजे ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं. एका वेळचं. तुझ्या डब्यातल्या चपाती-जॅमच्या शेजारी हे मांडून बघ. २०१३ ला क्षीरभाग्य ही शाळेत दूध देण्याची योजना सुरू झाली, पोरामागं १५० मिलि दूध. माझ्या वर्गात सकाळी दुधाचे पेले वाटायच्या आधी गणित घेण्यात अर्थ नसायचा. पेले धुऊन झाले की घ्यायचं. हे शिक्षणशास्त्रात कुणी शिकवलं नव्हतं, वर्गातच कळलं.

आणि लोह. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांपैकी देशात ६७.१ टक्के आणि कर्नाटकात ६५.५ टक्के रक्तक्षय असलेली निघाली. दर तीन पोरांत दोन. ती पोरं पुढच्या वर्षी पहिलीत येतात आणि आपण त्यांना 'चिडचिडा, लक्ष नाही' म्हणतो. लोह कमी असलेलं पोर दमतं, चिडतं, लक्षात ठेवू शकत नाही. वर आपण चहा पाजतो, तो अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही. हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा) तपासून घे. आकडा बघितल्याशिवाय टॉनिक आणू नकोस, लोहाचा जास्त डोस लहान मुलाला धोक्याचा असतो.

ती जाहिरातीतली पावडर मला स्वतःला पटत नाही. मागची बारीक अक्षरं वाच, साखर कितव्या नंबरावर आहे बघ. त्यापेक्षा नाचणीची आंबील बरी. मात्र नाचणीत लोह भरपूर असतं म्हणतात तसं नाही, ती चुन्यासाठी खायची, म्हणजे कॅल्शियमसाठी. लोहाला अख्खा मसूर, हुलगे, मटकी, तीळ, खात असाल तर अंडं-मासळी, आणि वर लिंबू पिळायचं. भाजीचा डबा परत येतो तर भाजी चपातीत लाटून टाक. मेथी घालून केलेलं थालीपीठ तुकडे करून दिलं की पोरं खातात, वर दही. सकाळी व्हॅनच्या आधी बटरऐवजी अर्धी भाकरी, शेंगाची चटणी आणि तूप, एवढं गेलं तरी खूप.

जंताची गोळीही विचार. सरकारी शाळेत १० फेब्रुवारीला आणि १० ऑगस्टला देतात, तुमच्या शाळेत दिली का, त्यानं खाल्ली का खिशात टाकली? बारीक पांढरे जंत असले की पोर रात्रभर खाजवतं आणि दिवसभर चुळबुळतं.

हे सगळं बघायला महिना-दीड महिना लागेल. तेवढ्यात काही बिघडत नाही.

गोबीवाला_शहापूर

बाई, नमस्कार. मी शहापुरात गाडा लावतोय, म्हणून सांगावंसं वाटलं. मार्च २०२४ ला आपल्या सरकारनं गोबीतला रंग बंद केला. आरोग्यमंत्री गुंडूरावांनी जाहीर केलं तेव्हा १७१ नमुन्यांतले १०७ वाईट निघाले म्हणूले होते. बॉम्बे मिठाईतला, म्हणजे साखरेच्या कापसातला, तो गुलाबी रंग रोडामाइन पण तेव्हाच बंद. तेव्हापास्न मी काश्मिरी मिरची वाटून घालूलोय. पर गिऱ्हाईक काय म्हणतंय? "मंचुरी पांढरी का ओ आज?" पोरं तर लाल दिसल्याबिगर हातच लावत नाहीत. शेजारच्या गाड्यावर अजून लाल मिळतंय ते कसं, ते मी सांगत नाही. वहिनी, गोबी बंद करा म्हणत नाही, माझंच पोट आहे त्यावर. पर आठवड्यातनं तीनदा नको की हो सहा वर्षाच्या पोराला. तेल पण बघा, काळं झालेलं असलं तर पुढं चला.

खानापूरच्या_बाई

अगदी खरं बोललात दादा. रंगाचं एवढंच सांगते: २००७ मध्ये इंग्लंडात साउदम्प्टनला तीन वर्षांच्या आणि आठ-नऊ वर्षांच्या मुलांना रंग आणि सोडियम बेन्झोएट (पदार्थ टिकवायला घालतात ते) घातलेलं सरबत देऊन बघितलं. चुळबुळ वाढली, पण थोडीच, आणि सगळ्यांची सारखी नाही. युरोपात २०१० पासून अशा सहा रंगांच्या पाकिटावर इशारा छापावा लागतो. तेव्हा रंग टाळावा, त्यात नुकसान काही नाही. पण रंग बंद केला की पोर शहाणं होईल अशी आशा लावून बसू नये. एडीएचडीचं लेबल काढून 'रंगाची ॲलर्जी' हे लेबल चिकटवलं, तर पोराला काय फरक पडला?

निपाणीकर_बाबा

बाईंचं बरंचसं पटलं, तरी एका गोष्टीवर बोलल्याशिवाय राहवत नाही. "तेवढ्यात काही बिघडत नाही" हे सगळ्यांच्या बाबतीत खरं नसतं.

माझ्या मुलीला एडीएचडी आहे. ती दंगा करणारी नव्हती, म्हणून कुणाचं लक्षच गेलं नाही. शेवटच्या बाकावर शांत बसायची, वह्या कोऱ्या. शिक्षक म्हणायचे स्वप्नाळू आहे, आई म्हणायची रक्त कमी आहे. बीट, खजूर, नाचणी, मनुका, सगळं झालं. हिमोग्लोबिन छान झालं, वह्या कोऱ्याच राहिल्या. चौथीत गेल्यावर धारवाडला दाखवलं. तोपर्यंत ती स्वतःला 'मठ्ठ' म्हणायला लागली होती. इथं जास्त निदान होतं अशी चर्चा चालू असताना अशा पोरी कुठंच मोजल्या जात नाहीत.

वडगावच्या ताई, नीट तपासणी कशी असते तेवढं सांगतो, म्हणजे तुमची झाली का नाही हे तुम्हालाच कळेल. यासाठी रक्ताची किंवा डोक्याच्या स्कॅनची कुठली चाचणी नाही. निकष असे आहेत की नऊपैकी किमान सहा लक्षणं, सहा महिने तरी, बारा वर्षांच्या आत सुरू झालेली, आणि एकापेक्षा जास्त ठिकाणी, म्हणजे घरीही आणि शाळेतही. त्यामुळं आमच्याशी वेगळं बोलले, शाळेचं वेगळं मागवलं, मुलीशी वेगळं. कान तपासले, डोळे तपासले, बुद्धिमत्तेची आणि वाचनाची चाचणी घेतली, कारण वाचता न येणारं मूलही वर्गात असंच वागतं. एका फॉर्मावर गोळी ही काही तपासणी झाली नाही.

दिवाळीनंतर तक्रारी सुरू झाल्या म्हणता, बालवाडीत काय होतं? तेही लिहून काढा. मागापाशी बसतो यावरून मात्र निष्कर्ष काढू नका. आवडीच्या कामात ही मुलं गढून जातात, माझी मुलगी रांगोळी काढताना जेवायला उठत नाही.

आणि गोळीचा राक्षस करू नका. आमच्याकडं मिथाइलफेनिडेट चालू आहे, तिला उपयोग झाला, वही भरायला लागली. खाण्याचा विषय आहे म्हणून सांगतो, या गोळीनं भूक मरते. दुपारचा डबा परत येतो तो आता गोळीमुळं. म्हणून गोळीच्या आधी पोटभर नाश्ता, चार-पाचला परतलेले पोहे नाहीतर अंडं-चपाती, आणि रात्री गोळीचा असर उतरल्यावर पुन्हा जेवण. वजन आणि उंची दर भेटीत मोजतात. तुमच्या मुलाला आत्ताच्या खाण्यावर गोळी सुरू झाली असती तर तो काय खाल्ला असता, हे त्या खाजगी ठिकाणी विचारलं का कुणी? अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचं सांगणं असं की सहाच्या आतल्या मुलांत आधी आई-वडिलांना वागणूक हाताळायचं शिकवायचं, गोळी नंतर. तुमचा सहा ओलांडलाय, तरी ते शिकवणं चुकवू नका, आम्हाला त्याचाच जास्त फायदा झाला.

वडगावची_आई

सगळ्यांचे आभार. थोडं झालंय तेवढं सांगते.

घोरतो. इतके दिवस आम्ही हसायचो, आजोबांवर गेलाय म्हणून. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय. रक्त तपासलं, हिमोग्लोबिन ९.८ आलं, फेरिटिनही कमी. बालरोगतज्ज्ञांनी लोहाचं सिरप आणि जंताची गोळी दिली, तीन महिन्यांनी परत तपासूया म्हणाले. शाळेत टीचरना भाषेचं विचारलं तर त्या जरा नाराज झाल्या, पण आयाबाईंकडून करून बघितलं. मराठीत सांगितलं की दप्तर भरतो, रांगेत उभा राहतो. उतरवून मात्र घेत नाही, तिथं तसाच खिडकीबाहेर. म्हणजे निम्मं उत्तर मिळालं म्हणायचं का?

बालवाडीच्या टीचर भेटल्या. त्या म्हणाल्या, चळवळ्या होता पण गोष्ट ऐकताना बसायचा.

जेवण आठला करतेय. पहिल्या रात्री हे घरी आल्यावर झोपलेला बघून रुसले. सासूबाईंनी चहा बंद केला तर मुलगा रुसला. अंडं घरात आणायला सासूबाईंची हरकत आहे, त्यावर काही सुचवा. आणि सिरप दुधातनं दिलं तर चालेल का? तसं द्यायला सोपं जातंय.

निपाणीकर_बाबा

उतरवून घेण्याचं राहतंय तर डोळे आणि वाचन-लेखन दोन्ही तपासा. धारवाडला जायच्या आधी जिल्हा रुग्णालयातल्या बालविकास तपासणी केंद्रात विचारा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात या गोष्टी धरलेल्या आहेत, पैसे लागत नाहीत. जाताना शाळेचा फॉर्म, ती जुनी चिठ्ठी, रक्ताचा रिपोर्ट आणि तायी कार्ड (गरोदरपणात मिळालेलं आई-बाळाचं कार्ड) सगळं न्या. जन्माच्या वेळचं वजन विचारतात.

खानापूरच्या_बाई

९.८ म्हणजे बरंच कमी आहे. या वयाला ११.५ तरी हवं. बरं झालं तपासलंस.

सिरप दुधातनं अजिबात देऊ नकोस, दुधानं लोह शोषलं जात नाही. लिंबाच्या सरबताबरोबर दे, आणि चहा, तो पुन्हा सुरू झालाच तर, मध्ये तासाभराचं अंतर ठेव. ड्रॉपरनं मागच्या दातांकडं सोड आणि लगेच चूळ भरायला लाव, नाहीतर दात काळे पडतात. शौच काळी होईल, घाबरू नकोस. पोट बिघडलं तर बाटली बाजूला ठेवू नकोस, डॉक्टरना विचार, ते डोस विभागून देतील. हिमोग्लोबिन वर आलं तरी सिरप मनानं बंद करायचं नाही, साठा भरायला आणखी काही महिने लागतात.

अंड्याचं म्हणशील तर घरात भांडण काढू नकोस. शाळेतसुद्धा अंडं न खाणाऱ्यांना केळं देतात, आधी शेंगदाण्याची चिक्कीही द्यायचे. शेंगदाणे, तीळ आणि गूळ घालून लाडू वळून ठेव, सासूबाईंनाच वळायला सांग. मसुराची उसळ आठवड्यातनं तीनदा होऊ दे, गोबीच्या ऐवजी.